साहेबांच्या टेबलाखालच्या चपला

दानम्माचं हॉटेल मी पाडलं. हे मी कोर्टात नाकारलं नाही, तेव्हा इथं नाकारण्यात काही अर्थ नाही. हॉटेल म्हणजे चार लाकडी खांब, वर दोन पत्रे, एक भट्टी आणि दोन बाकडी. आम्ही नवराबायको लातूरहून एका लग्नाला निघालो होतो. वाटेत चहाला थांबलो, चहा पिऊन गाडी मागे घेतली आणि उजवीकडचा खांब गेला. खांब गेला म्हणून पत्रा गेला, आणि पत्रा गेला तो थेट शेषेरावांच्या खांद्यावर. शेषेराव बाकड्यावर बसून सुशीला, म्हणजे आमच्याकडचे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, खात होते. खांद्याचं हाड तडकलं. ताटली मात्र हातात होती तशीच राहिली, हे पुढे सगळ्या साक्षीदारांनी एकमुखानं सांगितलं.

आता हे घडलं कसं? तर आमच्याकडे कुणी गाडी मागे घ्यायला लागला की त्याला एकट्याला घेऊ देत नाहीत. पानटपरीवरचा, सायकलवरचा, बाकड्यावरचा, कुणीही असो, हात हलवून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला लागतो. यात कुणाचाही स्वार्थ नसतो. पाहुण्याला पाणी विचारावं तसं ते असतं. फक्त "येऊ द्या" म्हणायला पाच-सहा जण असतात आणि "बस्स" म्हणण्याची जबाबदारी कुणावरच नसते. ते "बस्स" धडकेनंतर येतं, आणि तेही सगळ्यांचं मिळून.

मी चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकलेला माणूस. मागच्या सीटवर आमच्या तारामतीनं आहेराचं सामान काचेपर्यंत रचलेलं. आरशात मला फक्त एक पैठणीचा खोका दिसत होता. पण कानात "येऊ द्या, लई जागा हाय" असं इतक्या विश्वासानं ऐकू येत होतं, की मी येत राहिलो. आणि त्यात सगळ्यात खणखणीत आवाज कुणाचा होता? शेषेरावांचाच.

दवाखान्यातून पोलिसांना फोन गेला आणि माझ्यावर केस झाली. दानम्माला मी नवे लोखंडी खांब रोवून दिले. शेषेरावांना भेटायला गेलो तर ते गळ्यात झोळी अडकवून म्हणाले, "मास्तर, मी काय तक्रार केलेली न्हाई. तुमी घोर करू नका. चहा घ्या." दुखापतीचं कलम त्यांनी कोर्टात येऊन माफही करून टाकलं. पण हयगयीनं गाडी चालवल्याचं जे कलम असतं ते सरकारचं असतं. ते माफ करायला सरकार काही झोळी अडकवून येत नाही. ती केस राहिली.

माझे वकील आनंदराज म्हणाले, "गुन्हा कबूल करा सर. दंड भरा, चारच्या गाडीनं घरी जा. सगळे तेच करतात."

मीही केलं असतं. पण पुढच्या वर्षी जूनमध्ये आमच्या शाळेचं मुख्याध्यापकपद रिकामं होत होतं आणि सगळ्यात सीनियर मी होतो. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून, पेढा हातात देऊन, गोड आवाजात सांगितलं होतं, "गुरुजी, गुन्हा शाबीत झाला असा कागद आला, की मग आमचा नाइलाज होतो बरं का." त्यांचा भाचा सीनियॉरिटीत माझ्या पाठोपाठ होता. एकतीस वर्षं खडू झिजवल्यावर एका खांबापायी ती खुर्ची जाणार होती. म्हणून मी केस लढायची ठरवली, आणि त्यामुळेच मला माणिकप्पा भेटले.

कोर्ट चाकूरचं की रेणापूरचं ते सांगत नाही. अपिलाची मुदत अजून संपलेली नाही.

माणिकप्पा त्या कोर्टातले शिपाई. पांढरा ड्रेस, छातीवर बिल्ला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगातली सगळी भांडणं यांनी एकदा ऐकून घेतलेली आहेत आणि आता दुसऱ्यांदा ऐकत आहेत. वडील लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. माणिकप्पा दहावीत गणितानं तीनदा अडवल्यावर कोर्टात रोजंदारीवर माळी म्हणून लागले. आवारातला कडुलिंब त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेला. झाड मोठं झालं, माणिकप्पा पर्मनंट झाले. बावीस वर्षं झाली. सात न्यायाधीश साहेब आले नि गेले, आता हे आठवे. बदली फक्त माणिकप्पांची आणि कडुलिंबाची झाली नाही.

त्यांचं मुख्य काम पुकारा करण्याचं. पहिल्या तारखेला मी स्टँडसमोर वकिलांसोबत चहा पीत होतो, तेवढ्यात आभाळातून यावा तसा आवाज आला, "सरकार विरुद्धऽऽ वैजनाथऽऽ हाजीर हाय काऽऽ?" स्टँडवरच्या एका कंडक्टरनंही मागे वळून पाहिलं. बहुधा तोही वैजनाथ असावा. मी कप टाकून पळालो. दारात माणिकप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "शरणार्थ गुरुजी. तुमी तर आमच्या शिवकन्याचे सर. पिंजऱ्यात उभं राहायचंय. चप्पल घालून चालतंय."

शिवकन्या त्यांची मुलगी. आठवी ते दहावी माझ्या वर्गात होती, आता नांदेडला वकिली शिकते आहे. मला जरा हायसं वाटलं. मी हळूच म्हणालो, "माणिकप्पा, काही बघा ना आमचं."

"मी निकालात पडत न्हाई," ते म्हणाले आणि पुढचा पुकारा करायला वळले.

त्यांचं दुसरं काम, जे कुठल्याही सरकारी कागदात नाही, ते म्हणजे आवारात गाड्या लावून देणं. तिथली जागा एवढीशी. एका बाजूला झेरॉक्सवाला, एका बाजूला कडुलिंब, मधे वकिलांच्या गाड्या आणि साहेबांची पांढरी गाडी. माणिकप्पा मागे उभे राहून दोन बोटं हलवायचे आणि बरोबर वीतभर आधी तळहात उभा करून म्हणायचे, "बस्स." अख्ख्या जिल्ह्यात धडकेच्या आधी बस्स म्हणणारा हा एकच माणूस मी पाहिला. झेरॉक्सवाल्यानं मला अभिमानानं सांगितलं, "बावीस वर्षं झाली सर, आप्पांच्या हातावर एका गाडीला ओरखडा न्हाई." मी मनात म्हटलं, हा माणूस त्या दिवशी दानम्माच्या हॉटेलात असता तर आज मी इथं नसतो.

केस चौदा महिने चालली. तारखेला जायचं, कडुलिंबाखालच्या पारावर बसायचं आणि दुपारच्या सुटीत माणिकप्पांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायची, असा माझा क्रम पडला. मी विचारत राहायचो आणि ते भाकरी मोडत सांगत राहायचे. मला वाटे, साहेब म्हणजे एक यंत्र असेल. इकडून कलम घातलं, तिकडून साक्षी घातल्या, की खालून निकाल पडत असेल. माणिकप्पा हसायचे.

"असं असतं तर मशीनच आनली असती की गुरुजी. ड्रेस धुवायचा खर्च तरी वाचला असता."

मग एकेक साहेब निघायचे. एक साहेब कोकणाकडचे. बांधाच्या केसेस आल्या की म्हणायचे, बांध काय चालत जातो का? मग एकदा स्वतः शेतावर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक जण नांगर बांधाला घासून घेऊन गेला. "त्याच्यानंतर बांध म्हनलं की साहेब आधी मोजणीवाल्याला बोलवायचे, वकिलाला मागून." एक मॅडम आल्या, त्यांना जुळी पोरं. नवराबायकोच्या भांडणात बाप म्हणाला की लेकरं माझ्याकडं द्या, की मॅडम विचारायच्या, लेकरांना कुठली भाजी आवडत नाही? "पटकन सांगितलं त्याचं काम झालं. वकिलाकडं बघितलं, त्याचं गेलं."

मला कुठंतरी वाचलेलं आठवलं. मी म्हणालो, "म्हणजे साहेब उपाशी असले तर निकाल वाईट लागतो, हे खरं का?"

माणिकप्पांनी घास थांबवला. "एक साहेब होते, सोमवारचा कडक उपास. सगळे वकील सोमवारी दुपारची तारीख चुकवायचे. येड्यासारखे. अवो, सोमवारी साहेब उलट लई जपून लिहायचे. त्यांला सोताचीच शंका यायची, की मी भुकेनं तर चिडलो न्हाई? पोट भरलेल्या दिवशी मात्र कुनाला भ्यायचे न्हाईत."

हे सगळं मी रात्री फोनवर शिवकन्याला सांगितलं. ती एकदम खूश झाली. "सर, हे आम्हाला अभ्यासाला आहे. वास्तववाद म्हणतात याला. पुस्तकात लिहिलंय तो कायदा नव्हे, कोर्ट प्रत्यक्षात काय करतं तो कायदा. न्यायाधीश आधी मनात ठरवतात, कारणं मागून शोधतात, असं मानणारे मोठमोठे लोक होऊन गेले." दुसऱ्या तारखेला मी हे माणिकप्पांना ऐकवलं. त्यांनी चटणीचा आणखी एक घास घेतला. मग म्हणाले, "हे शिकवायला नांदेडला कॉलेज काढलंय? मी हॉस्टेलचे पैसे भरून राहिलो की त्याच्यासाठी."

पण साहेबांनी मनात ठरवलं, हे कळतं कसं? त्याचं उत्तर त्यांनी मला मार्चच्या तारखेला दिलं. इकडे तिकडे पाहून, आवाज खाली आणून.

"साहेबांचं टेबल समोरून बंद हाय. वकिलांला दिसत न्हाई. मी बाजूला उभा असतो, मला दिसतं. साहेब बसले की पहिलं काम काय, तर चपला काढतेत. आठच्या आठ साहेबांचं हेच. ऐकून घेस्तोवर पाय उघडे. आन मनात पक्कं झालं, की पाय चपला हुडकायला लागतेत. वर तोंडावर कायबी नसतं. वकील आपला जोरात बोलूनच राहिलेला असतो. पन चपला घातल्या, की संपलं."

"म्हणजे कोण जिंकलं ते तुम्हाला आधीच कळतं?"

"काय ठरलं ते पायाला थोडंच ठाऊक असतं? ठरलं एवढंच कळतं."

तरीही सारा तालुका निकाल काय लागेल ते त्यांनाच विचारायचा. माणिकप्पा प्रत्येकाला एकच सांगायचे, "होईल तुमच्यासारखं. आधी जेवून या." वादी असो, प्रतिवादी असो, उत्तर तेच. मी एकदा टोकलं, "दोघंही कसे जिंकतील?" तर म्हणाले, "उपाशी मानूस पिंजऱ्यात चक्कर येऊन पडला, की उचलावं मलाच लागतं गुरुजी."

एप्रिलमध्ये साक्षी झाल्या. दानम्मा नवं लुगडं नेसून आली होती. सरकारी वकिलांनी विचारलं, "गाडी भरधाव वेगानं आली, बरोबर?"

"कशाची भरधाव? ती निघाली तवा मी भजी कढईत सोडली. ती आली तवा भजी निघाली होती."

"मग लोक बाजूला का झाले नाहीत?"

"चहा राहिला होता की अर्धा."

मग शेषेराव. माझ्या वकिलांनी उलटतपासात विचारलं, "तुम्ही स्वतः 'येऊ द्या' म्हणत होतात का?"

"हाव."

"किती वेळा म्हणालात?"

"पत्रा पडेपर्यंत."

कोर्टात हशा झाला. साहेब हसले नाहीत. चाळिशीचे, शांत, नाकावर चष्मा. त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, सुटलो. पण मग सरकारी वकील उठले आणि त्यांनी तपासाच्या कागदांतून त्या पैठणीच्या खोक्याचा फोटो बाहेर काढला. गाडीची मागची काच सामानानं पूर्ण झाकली होती की नव्हती? फोटोत ती झाकलेली दिसतच होती. "चालवणारा डोळ्यांनी चालवतो का दुसऱ्याच्या तोंडानं, युवर ऑनर? सुशीला खाणाऱ्या माणसाच्या भरवशावर कुणी वाहन मागे घेतं का? शहाणा माणूस खाली उतरून बघेल." आनंदराज वकिलांनी उत्तरात एक जुनं कलम सांगितलं. कलमांचे नंबर नव्यानं बदललेले, ते नंबर चुकले. सरकारी वकिलांनी दुरुस्त केले. खरं सांगायचं तर मी साहेबांच्या जागी असतो, तर मी मला शिक्षा दिली असती. शहाणा माणूस उतरून बघेल, यात खोटं काय होतं?

निकाल पुढच्या गुरुवारी ठेवला. बाहेर येऊन मी पारावर बसलो. साहेबांची पांढरी गाडी झाडाखाली नव्या भांड्यासारखी चकचकत उभी होती आणि शेजारी माझी, खांबाची खूण मिरवत. माणिकप्पा पाणी घेऊन आले.

"आप्पा, चपला?"

त्यांनी मान हलवली. "उघडेच. शेवटपर्यंत उघडेच होते. एकदा अंगठा हलला, पन परत मागं गेला."

"साहेब चांगली गाडी चालवतात का हो?" का कोण जाणे, मी विचारलं.

"लई हुशार. कुनाचं ऐकत न्हाईत. मागं घेताना मी उभा राहिलो तरी सोता उतरून बघतेत." आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "होईल तुमच्यासारखं. जेवून घ्या."

ते आठ दिवस मी जेवलो नाही असं नाही, पण काय जेवलो ते आठवत नाही. तारामती रोज एकदा म्हणायची, "तो खोका मी मांडीवर घेतला असता तर." सचिवांचा भाचा मला भेटून, हात हातात घेऊन, धीर देऊन गेला. त्या धीरानंच मी निम्मा खचलो.

गुरुवारी पुकारा झाला. पिंजऱ्याचा दांडा धरून उभा राहिलो. साहेबांनी फाइल उघडली. निकाल सहा पानांचा होता. पहिली चार पानं मला काही कळली नाहीत. वेग नव्हता, साक्षीदारांत मेळ आहे, असं काहीबाही कानावर येत होतं. मग पाचव्या पानावर आल्यावर, सगळा वेळ फाइलीतून डोकं वर न काढणारे साहेब एकदम खिडकीबाहेर बघू लागले आणि पाठ असल्यासारखं म्हणाले, "स्थानिक परिस्थिती पाहता, गाडी मागे घेताना जवळ उभ्या असलेल्या, विश्वासू वाटणाऱ्या व्यक्तीच्या इशाऱ्यावर विसंबून राहणं ही चूक असू शकेल. पण ही चूक कोणत्याही सामान्य, सावध आणि सुशिक्षित माणसाच्या हातून होऊ शकते. तिला गुन्हेगारी हयगय म्हणता येणार नाही." सुशिक्षित या शब्दावर त्यांनी थोडा जास्तच जोर दिला. "आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येत आहे."

मी घाईघाईनं पिंजऱ्यातून उतरायला गेलो आणि पायरी चुकलो. माणिकप्पांचा हात दंडाला होताच. त्यांना उचलायची सवय.

बाहेर आनंदराज वकिलांनी माझी पाठ थोपटून सांगितलं, की त्यांच्या युक्तिवादाचा परिणाम झाला. तारामतीनं पदराला डोळे पुसले आणि पाठोपाठ परतीच्या वाटेवर दानम्माकडं थांबायचं फर्मानही काढलं. शिवकन्याला फोन केला तर ती पलीकडून ओरडली, "सर, निकालाची कॉपी पाठवा. कारण काय दिलंय ते बघायचंय." मला कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा छातीत हवा नीट जात होती. वरचा कडुलिंब मोहरलेला होता, त्याचा वासही त्या दिवशीच प्रथम आला.

वास घेत वर बघितलं, मग नजर फांदीवरून खाली आली. बुंध्यावरची वीतभर साल निघालेली होती. आतलं पांढुरकं लाकूड ताजं दिसत होतं. आणि थोडी पलीकडे साहेबांची पांढरी गाडी उभी होती. तिची डिकी मधोमध आत गेलेली, बंपर एका बाजूनं लोंबकळत होता, आणि त्या खोलगट जागेत कडुलिंबाच्या सालीचा एक तुकडा अजून अडकलेला होता.

मी गाडीकडं पाहिलं. झाडाकडं पाहिलं. मग पाराची धूळ झटकत असलेल्या माणिकप्पांकडं पाहिलं.

"आप्पा, साहेबांच्या गाडीला हे कधी झालं?"

"सोमवारी. घाईत होते. म्हनले, तुमी हाव ना माणिकप्पा, मग उतरत न्हाई."

"पण बावीस वर्षांत तुमच्या हातावर एक ओरखडा नव्हता! मग तुम्ही केलंत काय?"

माणिकप्पांनी फडकं खांद्यावर टाकलं, पुढच्या पुकाऱ्यासाठी घसा साफ केला आणि म्हणाले,

"काय न्हाई, म्हनलं येऊ द्या साहेब, लई जागा हाय."